व्हाइट्स ट्री फ्रॉग अचानक मेला. टाकीतल्या दुसऱ्यासाठी आत्ता काय करावं?

चिंचगुळ (न्यू जर्सी):

उभयचर पाळणाऱ्या किंवा त्यांच्यावर उपचार करणाऱ्या जाणकारांचा सल्ला हवा आहे, जरा घाईने. व्हाइट्स ट्री फ्रॉगची (झाडावर राहणारा हिरवा बेडूक) मादी, वय साधारण चार वर्षं, आज सकाळी पाण्याच्या भांड्यात मेलेली सापडली. काल रात्री फांदीवर चढलेली होती. जखम नाही, सूज नाही. त्याच टाकीत एक लहान नर आहे, तो वरवर ठणठणीत दिसतो.

माहिती एकदम देते, म्हणजे विचारत बसावं लागणार नाही.

काचेची टाकी ४५ × ४५ × ६० सेंमी, वर जाळीचं झाकण, तळाला कोकोपीट, दोन लाकडी फांद्या, खरी मनीप्लँट. यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब ५ टक्केवाली, दिवसाला १० तास. बाजूच्या काचेला हीट मॅट आहे, पण जूनपासून बंद. उन्हाळाच आहे म्हणून. घरात एसी ७० फॅरनहाइटवर असतो आणि टाकीतला काटाही ६९-७०च दाखवतो. पाणी नळाचं, बाटलीतलं क्लोरीन घालवणारं द्रावण टाकून, एक दिवसाआड बदललेलं. खाणं म्हणजे रातकिडे, आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी डी३ असलेली कॅल्शियम पावडर लावून. बाकी व्हिटॅमिन काही नाही.

नर मेअखेरीस रेप्टाइल एक्स्पोतून (सरपटणारे प्राणी, बेडूक यांचं विक्री-प्रदर्शन) आणला, तेव्हापासून दोघं एकत्र.

गेल्या पंधरा दिवसांतले बदल असे: मादी दिवसाही पाण्यात बसून राहायची, रंग हिरवा न होता तपकिरीच राहायचा, खाणं निम्म्यावर आलं होतं, आणि भांड्यात पांढुरके पातळ पापुद्रे तरंगताना दिसायचे. आता बघितलं तर पोटाखाली आणि मांड्यांच्या आतून लालसर छटा आहे. आणखी एक गोष्ट, मुलगा संध्याकाळी अंगणात काजवे पकडतो. त्यातला एखादा टाकीत सोडला गेला असेल का, हे खात्रीने सांगता येत नाही.

देह झिपच्या पिशवीत आहे. फ्रीजरमध्ये ठेवू का? आणि नराला काय करू?

पाणथळ:

फ्रीजर नको! साध्या फ्रिजच्या कप्प्यात, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास. गोठवलं की पेशींमधल्या पाण्याचे स्फटिक होतात, पेशी फाटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली कातडी, यकृत, मूत्रपिंड काहीच वाचता येत नाही. फक्त पीसीआर (रोगजंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) करायचं असेल तर गोठवलेलं चालतं, पण इथे तुम्हाला दोन्ही लागणार.

त्याआधी एकदा खात्री करून घ्या. उताणी केल्यावर उलटत नाही, ओल्या कापसाच्या टोकाने डोळ्याच्या कडेला स्पर्श केला तरी डोळा आत घेत नाही, पुढच्या पायांच्या मधोमध छातीवर ठोका नाही. बेडकाचं हृदय श्वास थांबल्यावरही बराच वेळ चालू राहू शकतं, म्हणून ठोका चांगला पाच मिनिटं बघायचा.

मग देह ओलसर (टपकणारा नको) पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत, त्यावर दुसरी पिशवी, वर सापडल्याची वेळ लिहून. उभयचरांची कातडी पातळ आणि अंग कायम ओलं, त्यामुळे ते फार लवकर कुजतात. २४ तासांत प्रयोगशाळेत पोचलं तर उत्तम, ४८ तासांनंतर हाती येणारं उत्तर धूसर होत जातं. आज शुक्रवार असेल तर कुरिअरच्या भरवशावर राहू नका, पार्सल शनिवार-रविवार गोदामात पडून राहील. गाडीने नेऊन द्या, किंवा एखाद्या एक्झॉटिक व्हेटकडे (कुत्र्या-मांजरांपलीकडचे प्राणी बघणारा पशुवैद्य) नेऊन तिथेच पोट चिरून १० टक्के फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणारं रसायन) ठेवायला सांगा. न चिरता बुडवलं तर आतल्या अवयवांपर्यंत फॉर्मलिन वेळेत पोचत नाही. फॉर्मलिन देहाच्या दहापट तरी हवं. आणि त्याआधी कातडीचा स्वॅब (बोळ्याच्या काडीने घासून घेतलेला नमुना) घ्यायचा, कारण फॉर्मलिनमधून काढलेल्या नमुन्यावर पीसीआर नीट होत नाही.

तुमच्या राज्याची पशुरोग निदान प्रयोगशाळा आहे, शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात कॉर्नेल विद्यापीठाचं निदान केंद्र आहे. आधी फोन करा, "उभयचराचं शवविच्छेदन, कातडीची हिस्टोपॅथॉलॉजी, कायट्रिड आणि रानाव्हायरसचं पीसीआर" असं नेमकं मागा (हिस्टोपॅथॉलॉजी म्हणजे ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं; कायट्रिड ही कातडीची बुरशी, रानाव्हायरस हा विषाणू). नुसतं "का मेली ते बघा" म्हटलं की पोट उघडून "विशेष आढळलं नाही" असा कागद हातात येतो, आणि पैसे तर जातातच.

व्हेट शोधताना कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात वेळ घालवू नका. असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटेरिनेरियन्सच्या संकेतस्थळावर जवळचे डॉक्टर शोधायची सोय आहे.

नर आत्ता, आजच, वेगळ्या डब्यात. त्याबद्दल इथले गुरांचा_डॉक्टर लिहितीलच.

गुरांचा_डॉक्टर:

चिंचगुळ ताई, लक्षणं लिहिलीत ते फार उपयोगाचं झालं. बेडूक "अचानक" मरतो असं वाटतं खरं, पण बहुतेक वेळा मरण आधीच्या दोन-तीन आठवड्यांत शिजत असतं. भक्ष्य असलेला प्राणी आजारपण लपवतो, आणि बेडूक तर एरवीही दिवसभर हलत नाही.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय कायट्रिडवर. संशयच म्हणतोय, निदान स्वॅबवरच होईल.

ही बुरशी, बट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस, कातडीच्या वरच्या केराटिनयुक्त थरात वाढते. १९९८ साली ऑस्ट्रेलिया आणि पनामातल्या बेडकांच्या मृत्यूंशी तिचा संबंध जोडला गेला, आणि १९९९ साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं, तेही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातल्या निळ्या डार्ट फ्रॉगपासून मिळालेल्या नमुन्यावरून. म्हणजे पाळीव बेडकांशी तिचा संबंध पहिल्यापासूनचा आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या मागच्या भागातली आणि मांड्यांखालची पातळ कातडी पाणी ओढते, आणि रक्तातलं सोडियम-पोटॅशियमही कातडीतूनच सांभाळलं जातं. २००९ साली सायन्समध्ये आलेला अभ्यास नेमका तुमच्याच जातीवर, लिटोरिया सेरुलियावर, झाला होता. आजारी बेडकांच्या कातडीतून क्षारांची ने-आण निम्म्याहून जास्त घटली, रक्तातलं सोडियम सुमारे २० टक्क्यांनी आणि पोटॅशियम सुमारे ५० टक्क्यांनी खाली आलं, आणि शेवटी हृदय थांबलं. जखम नाही, सूज नाही, आदल्या रात्री फांदीवर आणि सकाळी मेलेली, याचा खुलासा यातून होतो.

आता तुमची लक्षणं याच्याशी लावून बघा. निरोगी ट्री फ्रॉगही दर काही दिवसांनी कात टाकतो, पण टाकता टाकता ओढून खाऊन टाकतो, त्यामुळे सहसा दिसत नाही. भांड्यात वारंवार पापुद्रे तरंगणं हे कातीचं प्रमाण वाढल्याचं आणि बेडूक ती खात नसल्याचं लक्षण. ही जात झाडावरची. दिवसा पाण्यात बसून राहणं म्हणजे कातडी काम करत नाही, नाहीतर हवा कोरडी आहे, नाहीतर अंगात काहीतरी पेटलंय. तपकिरी रंग एकटा असता तर दुर्लक्ष केलं असतं. थंडी, अंधार, ताण, कशानेही येतो.

तापमान हा दुसरा धागा. या बुरशीला १७ ते २५ अंश सेल्सिअस सर्वांत मानवतं, २८च्या वर वाढ थांबते. तुमची टाकी ७० फॅरनहाइटला, म्हणजे २१ अंशांना. उन्हाळ्यात एसीच्या घरात बेडकाची टाकी हिवाळ्यापेक्षा थंड होते, आणि लोक नेमकी तेव्हाच मॅट बंद करतात. या जातीला दिवसा २४ ते २८ अंश (७५ ते ८२ फॅ.) आणि रात्री २० ते २२ चालतं. रात्रंदिवस २१ राहिलं तर पचन मंदावतं, प्रतिकारशक्ती घटते आणि बुरशीची चंगळ होते.

तिसरा धागा नवा नर. दिसायला ठणठणीत असणं याचा फारसा उपयोग नाही, काही बेडूक संसर्ग बाळगून हिंडतात. नवीन जनावर किमान ३० दिवस, शक्यतो ६० ते ९० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी-चिमटे वापरून ठेवतात ते यासाठी.

लाल छटेबद्दल. नेटवर शोधलंत तर "रेड लेग, एरोमोनास" (लाल पाय, आणि त्याला कारण मानला जाणारा जंतू) असं मिळेल आणि कुणीतरी अँटिबायोटिकचं नावही सांगेल. थांबा. मांड्या लाल होणं हे एका रोगाचं नाव नाही. रक्तात जंतू पसरले, रानाव्हायरस झाला, कायट्रिड झाला, नुसतं रसायनाने भाजलं, सगळ्यात होतं. मेल्यावर रक्त खालच्या बाजूला साकळतं, त्यानेही होतं. आणि मेलेल्या बेडकातून एरोमोनास वाढला तर त्याला फार किंमत नसते, तो पाण्यात आणि आतड्यात असतोच आणि मेल्यावर सगळीकडे पसरतो. म्हणून मी कल्चरपेक्षा (जंतू वाढवून बघणं) हिस्टोपॅथॉलॉजीवर पैसे घालायला सांगतो.

रानाव्हायरस पीसीआरमध्ये घ्याच. त्यात मृत्यू जास्त झपाट्याने येतो, आतून रक्तस्राव, कधी सूज. त्यावर औषध नाही.

कायट्रिड नसेल तर काय? चार वर्षांच्या मादीत माझी यादी अशी जाईल. अडकलेली अंडी: पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं असतं, तुम्ही सूज नाही म्हणता. कोकोपीटचा गोळा किंवा तुसाचे लांब धागे गिळून आतडं बंद होणं: शवविच्छेदनात लगेच दिसेल. चरबी: डोळ्यामागची घडी कानाच्या पडद्यावर पूर्ण लोंबत असेल तर बेडूक लठ्ठ आहे आणि यकृत बहुधा तेलकट. आणि मूत्रपिंड, ते बाहेरून काही कळू देत नाही.

व्हिटॅमिन एचं वेगळं सांगतो, कारण तुमच्या खाण्यात तेच नाही. रातकिड्यांत तयार व्हिटॅमिन ए जवळजवळ नसतं आणि बेडकांना बीटा-कॅरोटिनपासून ते बनवणं नीट जमत नाही. कमतरता झाली की जिभेच्या चिकट पेशी बदलतात, बेडूक झेप घेतो पण किडा जिभेला चिकटत नाही, आणि घरातल्यांना वाटतं की भूक गेली. कातडीचंही आरोग्य जातं. डब्यावर "रेटिनॉल", "रेटिनिल अ‍ॅसिटेट" किंवा "पामिटेट" असं लिहिलेली पावडर महिन्यातून दोनदा पुरे. नुसतं "बीटा-कॅरोटिन" लिहिलं असेल तर तो डबा परत ठेवा. उलट डी३वालं कॅल्शियम प्रत्येक जेवणाला जास्त होतं, शिवाय तुमची यूव्हीबी ट्यूब आहेच. साधं कॅल्शियम नेहमी, डी३वालं महिन्यातून दोनदा.

नराचा स्वॅब आजच-उद्या घ्या. बिनपावडरचे नायट्राइल मोजे घाला, प्रत्येक बेडकासाठी नवे, पाण्याने ओले केलेले. कोरड्या रेयॉन टोकाच्या स्वॅबने पोट, मांड्यांचा आतला भाग आणि पंजांचे तळवे प्रत्येकी पाच-पाच वेळा, घट्ट पण न ओरबाडता. स्वॅब कोरड्या नळीतच ठेवायचा. मेलेल्या मादीचाही तसाच वेगळा.

नळकोंडाळं:

डॉक्टरांचं बरोबर वाटतंय, पण पाण्याची बाजू सोडू नका. ती तासाभरात तपासून होते.

अमेरिकेत नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन, दोन्हींची कमाल मर्यादा ४ मिलिग्रॅम प्रति लिटर. माणसाला ते ठीक. बेडकाला ते थेट कातडीतून. तुमच्या गावाचं पाणी कशाने निर्जंतुक होतं ते पाणीपुरवठा कंपनीच्या वार्षिक अहवालात असतं, तो दरवर्षी १ जुलैपर्यंत ग्राहकांना द्यावाच लागतो. क्लोरीन असेल तर पाणी उघडं ठेवलं की २४ तासांत बरंचसं उडतं. क्लोरामाइन असं उडत नाही.

आणि गंमत म्हणजे क्लोरामाइन वापरणाऱ्या काही कंपन्या वर्षातून काही आठवडे पाइप साफ करायला साध्या क्लोरीनवर येतात, तेव्हा नळाला वास वाढतो. द्रावणाचा तोच जुना एक थेंब तेव्हा कमी पडू शकतो.

बाटलीवरचे घटक वाचा. नुसतं सोडियम थायोसल्फेट असेल तर ते क्लोरामाइन फोडतं, पण अमोनिया मागे ठेवतं. भांड्यात आधीच बेडकाची लघवी आणि शी. त्यात ही भर. अमोनिया बांधणारं द्रावण घ्या. तपासायचं असं: फ्री क्लोरीन आणि टोटल क्लोरीन दोन्ही दाखवणाऱ्या पट्ट्या आणा. टोटलमधून फ्री वजा केलं की उरतं ते क्लोरामाइन. द्रावण टाकून दहा मिनिटांनी दोन्ही शून्य हवीत. अमोनियाचं थेंबवालं किट वेगळं, तेही शून्य. एक दिवसाआड नव्हे, पाणी रोज बदला. बेडूक पाण्यातच विधी उरकतो.

आणखी दोन गोष्टी. गरम नळाचं पाणी कधीच नको, ते तांबं आणि शिसं जास्त विरघळवून आणतं. सकाळचं पहिलं पाणी दोन-तीन मिनिटं सोडून द्या, विशेषतः घरात तांब्याचे पाइप असतील तर. आणि यावर उपाय म्हणून डिस्टिल्ड पाण्याच्या बाटल्या आणून ओतू नका. कायम क्षारविरहित पाण्यात बसलेल्या बेडकाच्या अंगात पाणी शिरत राहतं आणि क्षार बाहेर जात राहतात. फवारायला चालतं, बसायला नाही. काचेवर पांढरे डाग पडतात म्हणून लोक फवाऱ्यात आरओ पाणी घालतात, तिथपर्यंत ठीक.

कोकोपीटही हुंगून बघा. खाली पाणी साचून आंबूस किंवा अमोनियाचा वास येत असेल तर बेडूक रात्रंदिवस त्यातून उठणाऱ्या वाफेत आहे.

रानमेवा:

काजव्यांबद्दल. अमेरिकेतल्या अंगणात दिसणाऱ्या फोटिनस काजव्यांमध्ये ल्युसिब्युफॅजिन नावाची द्रव्यं असतात, टोडच्या (खडबडीत कातडीच्या बेडकांच्या) विषासारखीच हृदयावर काम करणारी. पाळीव बिअर्डेड ड्रॅगन (एक सरडा) एखाद-दुसरा काजवा खाऊन काही वेळातच मेल्याच्या नोंदी आहेत. बेडकाच्या पोटात कधीच जाऊ देऊ नये. पण तुमच्या मादीचं पंधरा दिवसांचं कुरकुरणं काजव्याने समजत नाही. ते विष काही तासांचं काम आहे. शवविच्छेदन करणाऱ्यांना सांगून ठेवा, जठरात अवशेष मिळाले तर कळेल.

मुलाच्या हातांचं मात्र बघा. जुलैत हाताला डासांचं मलम किंवा सनस्क्रीन असतं आणि त्याच हाताने बेडूक धरला की सगळं कातडीतून आत. कुत्रा असेल तर त्याच्या मानेवर टाकायचं पिसवांचं औषध, मुंग्यांसाठी मारलेला फवारा, खोलीतला सुगंधी स्प्रे हेही यादीत घ्या. अशा विषबाधेत बेडूक आधी ताणतो, झटके देतो, उड्या मारून काचेवर आदळतो, मग लुळा पडतो. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही.

चिंचगुळ:

सगळ्यांचे आभार. देह फ्रिजमध्ये होता, दुपारी प्रयोगशाळेत देऊन आले. मागणी पाणथळ यांनी लिहिली तशीच केली. दोन्ही स्वॅब दिले. पट्ट्यांवर नळाचं टोटल क्लोरीन १.५ आणि फ्री जवळजवळ शून्य आलं, म्हणजे क्लोरामाइन. द्रावण टाकल्यावर क्लोरीन शून्य, पण अमोनिया ०.५. बाटलीवर फक्त थायोसल्फेट लिहिलंय.

नर प्लॅस्टिकच्या डब्यात आहे. वजन ३१ ग्रॅम. खातोय. पीसीआरला काही दिवस लागतील म्हणाले. तोपर्यंत इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) सुरू करू का? आणि तापमान एकदम २८ करून टाकू?

गुरांचा_डॉक्टर:

खातोय आणि कात नीट टाकतोय तोवर औषध नको, अहवाल येऊ द्या. मधेच खाणं सोडलं, पाण्यात बसून राहिला किंवा पापुद्रे दिसले तर त्याच दिवशी व्हेटकडे न्या, ते अहवालाआधीही सुरू करतील.

पॉझिटिव्ह आला तर इट्राकोनॅझोलच्या अंघोळी देतात. जुनी पद्धत ०.०१ टक्के द्रावणात रोज ५ मिनिटं, ११ दिवस. नंतर ०.००२५ टक्के, रोज ५ मिनिटं, ६ दिवस अशी सौम्य पद्धतही याच जातीवर वापरली गेली आणि तिचा त्रास कमी दिसला. कुठली घ्यायची ते तुमचे व्हेट ठरवतील. हिशेब समजून घ्या म्हणजे चूक होणार नाही: माणसांसाठीचं तोंडाने घ्यायचं द्रव औषध १० मिलिग्रॅम प्रति मिली, म्हणजे १ टक्का असतं. त्यातलं १ मिली आणि ९९ मिली पातळक मिळून ०.०१ टक्के, ०.२५ मिली आणि ९९.७५ मिली पातळक मिळून ०.००२५ टक्के. पातळक म्हणजे साधं पाणी नव्हे, उभयचरांचं रिंगर द्रावण: १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात ६.६ ग्रॅम मीठ (आयोडीन नसलेलं, शुद्ध सोडियम क्लोराइड), ०.१५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, ०.१५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, ०.२ ग्रॅम खाण्याचा सोडा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ०.१५ ग्रॅम मोजता येत नाही. व्हेटकडून तयार घ्या. कॅप्सूल फोडून दाणे पाण्यात ढवळू नका, ते विरघळत नाहीत. द्रावण रोज ताजं, डबा इतका उथळ की पोट आणि मांड्या भिजतील आणि नाक वर राहील. पाठीवर चमच्याने ओता. पाच मिनिटांनी काढून ताज्या रिंगरने किंवा अमोनिया-क्लोरीन नसलेल्या पाण्याने धुवा, आणि स्वच्छ डब्यात ठेवा. जुन्या डब्यात परत ठेवलं तर संसर्ग तिथेच वाट बघत असतो. संपल्यावर दोन आणि चार आठवड्यांनी पुन्हा स्वॅब.

तापमान एकदम नाही. रोज दोन अंश असं चढवत दिवसाला २६-२७वर न्या, ३०च्या पुढे जाऊ देऊ नका. उष्णतेवर भिस्त ठेवून औषध टाळू नका. आणि मॅटचा भरवसा धरू नका, ती काच गरम करते, हवा नाही. जाळीच्या वर सिरॅमिक हीट एमिटर (उजेड न देता फक्त उष्णता देणारा), थर्मोस्टॅटवर, आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर बेडूक झोपतो त्या उंचीवर. एमिटर जाळीला टेकवला तर बेडूक रात्री छताला चिकटतो आणि पाठ भाजून घेतो, म्हणून १५-२० सेंमी वर टांगा.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, खाण्याआधी. ३१चं २८च्या खाली आलं की फोन.

अमोनियाचं ०.५ मला आवडलं नाही, पण मादी त्यानेच मेली असं म्हणणार नाही. ताण वाढवणारं एक कारण, इतकंच.

सह्याद्रीपार (नाशिक):

इकडच्या वाचकांसाठी थोडं. आपल्याकडे एसीचा प्रश्न उलटा: एप्रिल-मेमध्ये खोली ३८ला जाते आणि लाइट गेली की टाकीची भट्टी होते. ३५च्या वर हा बेडूक काही तासांत कोसळू शकतो. टाकी पश्चिमेच्या भिंतीला नको. लाइट गेल्यावर जाळीवर ओला पंचा आणि त्यावर इन्व्हर्टरचा पंखा, बर्फाचं पाणी नको. मनपाच्या पाण्यात क्लोरीन असतं (भारतीय मानकात उरलेलं किमान ०.२ मिलिग्रॅम), टँकर आला की हाताने किती टाकलंय ते टाकणाऱ्यालाच ठाऊक. पट्टी बुडवल्याशिवाय टँकरचं पाणी वापरायचंच नाही.

आणि प्लगमध्ये लावायची डासांची मशीन. त्यातली पायरेथ्रॉइड्स (कीटकनाशकं) माणसासाठी सौम्य मानली जातात, बेडकासाठी नाहीत. पावसाळ्यात बंद खोलीत रात्रभर चालू असलेलं मशीन आणि शेजारी बेडकाची टाकी, ही जोडी नको. खिडकीला जाळी बसवा.

पाणथळ:

टाकीचं राहिलं. कोकोपीट, फांद्या, मनीप्लँट, स्पंज सगळं दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात. लाकूड वाचवायचा मोह होतो. सच्छिद्र असतं, आतपर्यंत निर्जंतुक होत नाही. बागेत तर अजिबात टाकू नका, आणि टाकीचं पाणी अंगणात ओतू नका. तुमच्या भागात रानातले बेडूक आणि सॅलमँडर आहेत, त्यांना हा संसर्ग भेट द्यायचा नाही. जुनं पाणी बादलीत घेऊन नऊ भाग पाण्याला एक भाग ब्लीच या प्रमाणात टाका, अर्धा तास ठेवा, मग संडासात.

काच, भांडी, चिमटे आधी साबणाशिवाय घासून घाण काढा, कारण घाणीत ब्लीच वाया जातं. मग तेच १:९ ताजं द्रावण, १५ मिनिटं ओलं राहील असं. खिडक्या उघड्या आणि नर दुसऱ्या खोलीत. तीनदा धुवा, शेवटच्या पाण्यात थायोसल्फेटचं द्रावण दुप्पट टाका (ते तुमच्याकडे आहेच, इथे कामाला येईल), आणि पूर्ण कोरडं करून काही दिवस उन्हात ठेवा. ही बुरशी कोरडेपणात टिकत नाही, रानाव्हायरस मात्र चिवट आहे. त्याचं पीसीआर पॉझिटिव्ह आलं तर जाळीचं झाकण आणि वायरीही बदलून टाका.

नराचा डबा: १५-२० लिटरचा प्लॅस्टिकचा, झाकणाला भोकं, तळाला छपाई नसलेले ओले पेपर टॉवेल, प्लॅस्टिकचं झाड, उभा ठेवलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि उथळ भांडं. टॉवेल रोज बदला. बदलताना त्यावरचे पापुद्रे, शीचा रंग, न खाल्लेले रातकिडे बघून लिहून ठेवा; उरलेले रातकिडे रात्री आत ठेवू नका, ते झोपलेल्या बेडकाची कातडी कुरतडतात. शीचा ताजा नमुना एकदा जंतांसाठी द्या. एक्स्पोतल्या जनावरांत जंत निघणं नवीन नाही. आणि दोन्ही स्वॅब निगेटिव्ह येईपर्यंत जुन्या टाकीला हात लावलेल्या मोज्यांनी हा डबा उघडायचा नाही.